विहिरीपासून साबर बोंडांपर्यंत

मराठी सिनेमात माणसं पूर्वीपासून मरत आली आहेत. आक्रोश व्हायचा, फोटोला हार चढायचा आणि कथा पुढे सरकायची. गेल्या पंधरा वर्षांत मात्र काही दिग्दर्शक त्या हारापाशीच रेंगाळले.

सुरुवात 2010 च्या ‘विहीर’पासून धरायला हवी. उमेश कुलकर्णींचा हा चित्रपट त्या वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गेला. समीर आणि नचिकेत ही जिवाभावाची भावंडं. लग्नघराच्या गडबडीत नचिकेत विहिरीत मरतो. मोठी माणसं रडून-ओरडून हळूहळू सावरतात, समीरला ते जमत नाही. लपंडाव चालू आहे, भाऊ कुठेतरी लपला आहे आणि राज्य आपल्यावर आहे, अशाच थाटात तो घर सोडून त्याला शोधायला निघतो. यमाला मृत्यूविषयी विचारणाऱ्या नचिकेताचं हे नाव काही उगाच ठेवलेलं नाही. सुधीर पळसाने यांचा कॅमेरा त्या विहिरीकडे इतक्या वेळा आणि इतका वेळ बघतो, की शेवटी पाण्याची भीतीही वाटत नाही आणि ओढही सुटत नाही.

अविनाश अरुणच्या ‘किल्ला’तला चिनू त्या मानाने सुदैवी. वडील गेलेले, आईची बदली कोकणात झालेली. तरी त्याला मित्र मिळतात, समुद्र मिळतो. 2014 मध्ये या चित्रपटाला बर्लिनचं क्रिस्टल बेअर मिळालं. मला त्यातली आईच जास्त आठवते. ऑफिसच्या फायलींत आपलं दुःख दडपून बसलेली अमृता सुभाष.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांच्या ‘अस्तु’त तर माणूस जिवंत असतानाच हरवतो. संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणी शास्त्री स्मृतिभ्रंशाच्या भरात हत्तीच्या मागे निघून जातात. मुलगी गावभर वडिलांना शोधत असते आणि इकडे माहुताची बायको त्यांना लेकरासारखं जेवू घालते. मोहन आगाशे तो घास मुकाट घेतात, तेव्हा अख्खी विद्वत्ता गळून पडलेली दिसते. एवढा चांगला चित्रपट थिएटरात लागायला 2016 उजाडलं!

‘गोदावरी’नेही नाशिकच्या घाटावर मरणाशी गाठ घातली, पण मला तो थोडा जास्त बोलका वाटला.

2025 च्या जानेवारीत रोहन कानवडेंच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्समध्ये जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि तिथे भेटलेला त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या. नातेवाईक सुतकाच्या नियमांसोबत लग्नाचाही विषय काढत राहतात. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा जागचा फारसा हलत नाही. लहानपणी खाल्लेल्या साबर बोंडांची, त्या काटेरी फळाची झुडपं गावात आता विरळ झाली आहेत. बाळ्या ती बोंडं शोधून आणतो. सांत्वनाचं एक वाक्यही न बोलता केलेलं असं सांत्वन मराठी पडद्यावर क्वचितच दिसलं आहे.

तरीही या सगळ्यांतला एकच बघायला सवड असेल, तर ‘विहीर’ बघा.