गाडी नवी, धडे जुने!

पावसाळ्यातला रविवार. पाच जणांचा ग्रुप, घरची गाडी, नवंकोरं लायसन्स आणि ताम्हिणीचा प्लॅन. किल्ली हातात देताना घरच्यांच्या सूचना ठरलेल्या असतात. 'ओल्या रस्त्यावर ब्रेक एकदम दाबू नकोस, पंप करत मार. उतारावर न्यूट्रल कर, पेट्रोल वाचेल. आणि पुढे बसणाऱ्याला बेल्ट लावायला सांग, पोलिस असतात.'

सूचना प्रेमाच्याच, पण त्या ज्या गाडीवर शिकल्या गेल्या ती कधीच भंगारात गेलीय. आज घरासमोर उभ्या असलेल्या गाडीत सेन्सर आहेत, कम्प्युटर आहे. तिला हे जुने धडे चालत नाहीत. कधी कधी तर ते उलटतात.

पंप करू नका, दाबून धरा

जुन्या गाडीत जोरात ब्रेक मारला की चाकं लॉक व्हायची. लॉक झालेलं चाक फिरत नाही, नुसतं घसरतं, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. म्हणून ब्रेक दाब-सोड करायची पद्धत होती. १९७८मध्ये बॉशचं एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं आणि हेच काम यंत्र करू लागलं, तेही सेकंदाला अनेक वेळा. एप्रिल २०१९पासून आपल्याकडच्या नव्या कार्सना ते सक्तीचं आहे.

गंमत म्हणजे एबीएस काम करू लागलं की पायाखाली पॅडल थरथरतं, खरखर आवाज येतो. अनेकांना वाटतं, ब्रेकच बिघडला! घाबरून ते पाय उचलतात, तेही नेमकं नको तेव्हा. अशा वेळी एकच करायचं: पॅडल पूर्ण दाबून धरायचं आणि समोरच्या अडथळ्याच्या बाजूने गाडी वळवायची. एबीएस आहे ते त्यासाठीच. ब्रेक मारतानाही स्टिअरिंग तुमचं ऐकतं. मात्र गाडी जागच्या जागी थांबेल, असं समजू नका. वेग दुप्पट केलात तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं. हे गणित कुठल्याही कंपनीला बदलता आलेलं नाही.

न्यूट्रलचा गैरसमज

कार्ब्युरेटरच्या जमान्यात उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची सवय लागली. आताच्या इंजिनात इंधन किती सोडायचं हे कम्प्युटर ठरवतो. गाडी गिअरमध्ये असेल आणि तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढलात, तर इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं आणि कम्प्युटर इंधन जवळपास पूर्ण बंद करतो. न्यूट्रल केलंत की इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं. म्हणजे पेट्रोल जळतंच! वर इंजिनाचा रोध गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. लांब घाटात ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होत जाते. थोडक्यात, न्यूट्रलमध्ये पैसेही जातात आणि सुरक्षितताही.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या याच्याही पुढे गेल्यात. त्या वेग कमी करताना मोटरचा जनरेटर करतात आणि बॅटरी चार्ज करतात. १९९७मध्ये टोयोटाने जपानमध्ये प्रियस आणली, तेव्हापासून हे तंत्र रोजच्या गाड्यांमध्ये दिसू लागलं. जुन्या गाडीत जी ऊर्जा ब्रेक तापवण्यात वाया जायची, तिचा काही भाग इथे परत मिळतो.

मागच्या सीटचं काय?

व्होल्वोच्या निल्स बोलिन या इंजिनिअरने आजचा तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट तयार केला. १९५९मध्ये तो गाडीत आला आणि कंपनीने पेटंट इतरांनाही वापरू दिलं. आपण काय करतो? अलार्म वाजू नये म्हणून नुसतं बक्कल विकत आणून अडकवतो. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, पण बेल्टने शरीर जागेवर धरलंय असं गृहीत धरूनच ती बनवलेली असते. बेल्ट नसेल तर आपण तिच्यावर जाऊन आदळतो. डॅशबोर्डवर पाय ठेवून रील काढणाऱ्यांनी तर याचा जरूर विचार करावा.

मागे बसलेल्यांसाठीही बेल्ट सक्तीचा आहे. न लावल्यास हजार रुपये दंड आहे. पण मुद्दा दंडाचा नाही. ताशी ६०च्या वेगाने धडक बसली की गाडी थांबते, मागचा मित्र मात्र त्याच वेगाने पुढे येतो आणि पुढच्या सीटवर आदळतो. सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागच्या बेल्टची देशभर चर्चा झाली. ती पुढच्या ट्रिपपर्यंत टिकली का, हे आपलं आपणच तपासायचं.

मजा कुठंय मग?

आहे ना! वळणाआधीच वेग कमी करून, योग्य गिअरमध्ये गाडी अलगद वळणातून काढणं आणि रस्ता सरळ दिसला की पुन्हा वेग घेणं, यात भारी मजा आहे. चाकं घसरू लागली तर ईएससी नेमक्या चाकाला ब्रेक लावून गाडी सावरायला मदत करतं. रडार आणि कॅमेऱ्यावर चालणारं 'अडास' पुढच्या गाडीपासून अंतर राखतं. पण कॅमेऱ्याला रस्त्यावरचे पट्टे दिसावे लागतात. धो धो पावसात किंवा पुसट पट्ट्यांवर तो गोंधळू शकतो. म्हणून हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावरच हवी.

या रविवारी निघण्याआधी दोन कामं करा. ग्लव्ह बॉक्समधलं मॅन्युअल उघडून डॅशबोर्डवरच्या दिव्यांचं पान वाचा. टायरमधली हवा तपासा, कारण एबीएस असो की ईएससी, सगळ्यांचा भरवसा शेवटी टायरच्या पकडीवर. आणि जमलं तर एखाद्या रिकाम्या मैदानात, कमी वेगात, अनुभवी माणसाला शेजारी बसवून ब्रेक पूर्ण दाबून बघा. पायाखालची ती थरथर ओळखीची झाली की घाटात घाबरायला होणार नाही.

शेजारी बाबांनाच बसवा. या वेळी धडा तुम्ही द्या.