पाच टक्के आणि सहा इंच

हुबळी-धारवाडची चिगरी बस स्थानकाला लागते तेव्हा बसचे आणि स्थानकाचे दरवाजे समोरासमोर उघडतात. दोन्हीकडची जमीन एकाच उंचीवर, त्यामुळे चाकाची खुर्ची कुणी उचलून द्यावी लागत नाही. २०१८ पासून धावणाऱ्या या सेवेतली ही सोय खरोखरच मोलाची.

पण स्थानक रस्त्याच्या मधोमध आहे आणि प्रवासी राहतो हुबळीतल्या देशपांडे नगरात. मधली वाट सांभाळायची महापालिकेने.

ती वाट तपासायला टेप लागते. एक फूट चढण्यासाठी निदान बारा फूट लांबीचा उतार हवा, हा नियम. म्हणजे सहा इंच उंच पदपथाला सहा फुटी उतार. दुकानापुढे ओतलेला दोन फुटी सिमेंटचा उतार दुचाकी चढवायला पुरतो. खुर्चीवरचा माणूस मात्र त्यावर मागे कलंडतो. मग रुंदी मोजायची, गटारावरच्या झाकणांच्या फटी पाहायच्या, कारण पुढची लहान चाके तिथेच अडकतात. अंधांसाठी बसवलेल्या उठावाच्या फरशा कुठे खांबाला तर जाऊन भिडत नाहीत ना, हेही बघायचे. अर्ध्या किलोमीटरमध्ये एकच जागा चुकली, तरी पुढची सगळी सोय त्या माणसासाठी नसल्यातच जमा.

हे मोजमाप करायला सर्वांत योग्य कोण? जो रोज अडतो तो. कर्नाटकाने ही गोष्ट ओळखली आहे. इथे ग्रामपंचायतींपासून शहरांपर्यंत पुनर्वसन कार्यकर्ते म्हणून अपंग व्यक्तींनाच नेमतात. प्रमाणपत्र, पेन्शन, साधने यांसाठी ते घरोघर फिरतात. मानधन तुटपुंजे, जबाबदारी मोठी. प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटांवरही हाच आग्रह आहे. फिजीतल्या सुवा इथून चालणारा पॅसिफिक डिसॅबिलिटी फोरम हा अपंगांच्या स्वतःच्या संघटनांचाच महासंघ. वादळातल्या निवाऱ्याला पायऱ्या असाव्यात की उतार, हे तिथल्या खुर्चीवरच्या माणसाला विचारल्याशिवाय ठरू नये.

कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानंतरही सुगम्यतेचे बरेच निकष नुसत्या शिफारशींसारखे वापरले जात होते. दृष्टिहीन राजीव रातुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निकषांबाबतच्या नियमाला कायद्याशी विसंगत ठरवले आणि सक्तीचे निकष आखायला सांगितले.

पैशांचे काय? कर्नाटकातल्या नगरसंस्थांनी पाच टक्के निधी अपंगांसाठी राखायचा असतो. त्यातून तीनचाकी वाहने वाटली जातात, आणि ती हवीतच; पण वाहन मिळूनही पदपथ चढता आला नाही, तर माणूस फाटकापाशीच थांबतो. पदपथ मात्र रस्त्याच्या नेहमीच्या खर्चातूनच नीट बांधले पाहिजेत, या पाच टक्क्यांवर तो भार नको.

देशपांडे नगरातल्या रहिवाशांनी पुढच्या रस्तेकामाआधी एवढे करावे: आपल्या भागातल्या अपंग शेजाऱ्यांना सोबत घेऊन घर ते चिगरी स्थानक ही वाट मोजावी, आणि ती मापे त्यांच्याच सहीने महापालिकेला द्यावीत.