पेटीची चावी, फोनची चावी

गटाची पेटी कुणाकडे असते आणि तिची चावी कुणाकडे, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पेटी एकीच्या घरी, चावी दुसरीच्या घरी, आणि उघडायची ती बैठकीत सगळ्यांसमोर. यात कुणावर अविश्वास नसतो. सगळा भार आणि सगळा संशय एकटीवर येऊ नये, म्हणून केलेली ही सोय.

आता त्या पेटीतलं बरंच काही फोनमध्ये गेलं आहे. पापड-मसाल्याची ऑर्डर ईमेलवर येते, ठरावाचे फोटो तिथेच साठवलेले असतात, बँकेची पत्रं तिथेच येतात. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर आधी कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी करावी लागली. लाडकी बहीणची ई-केवायसीही फोनवरच झाली. आणि गटाच्या ईमेलचा पासवर्ड कुठे असतो? हिशेबवहीच्या शेवटच्या पानावर, नाहीतर सचिवताईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या डोक्यात. पेटीसाठी दोन घरं, आणि ईमेलसाठी एक पोरगा!

म्हणून आज पासकी आणि सिक्युरिटी की या दोन गोष्टींबद्दल बोलू. नावं अवघड वाटतात, पण मामला कुलूप-किल्लीचाच आहे.

पासवर्डची खोड अशी, की तो सांगता येतो. जे सांगता येतं ते गोड बोलून काढूनही घेता येतं. ओटीपीचंही तसंच. लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या खोट्या साइट निघाल्या. तिथे बाई आपल्या हाताने माहिती भरते, चोराला काही फोडावं लागत नाही.

पासकीत सांगण्यासारखं काही नसतंच. पासकी तयार करताना दोन भागांची जोडी बनते. एक भाग कुलपासारखा, तो गुगलकडे किंवा त्या-त्या साइटकडे जातो. दुसरा किल्लीसारखा, तो आपल्याजवळ राहतो. लॉगिन करताना साइट दर वेळी एक नवीन कोडं पाठवते. आपल्याकडची किल्ली त्यावर आपली सही करून परत पाठवते, आणि साइट ती सही आपल्याकडच्या कुलपाशी ताडून पाहते. किल्ली स्वतः कुठेच जात नाही. शिवाय ही जोडी त्या साइटच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते. खोटी साइट दिसायला कितीही हुबेहूब असो, पत्ता वेगळा असल्यामुळे किल्ली तिला उत्तरच देत नाही. आपण फसलो तरी ती फसत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण आहे. गुगल कंपनीने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या कर्मचाऱ्यांना अशा चाव्या सक्तीच्या केल्या. त्यानंतर ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी एकाचंही कामाचं खातं फसवणुकीने गेलं नाही, असं कंपनीने २०१८ मध्ये सांगितलं.

ही किल्ली दोन ठिकाणी राहू शकते. एक, आपल्या फोनमध्ये. गुगल खात्याला ही सोय मे २०२३ पासून आहे, अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपला ऑक्टोबर २०२३ पासून. याला एक रुपयाही लागत नाही. फोन उघडायला जे वापरतो, म्हणजे बोट, चेहरा किंवा पिन, त्यानेच पासकी चालते. स्वतःच्या खात्यासाठी एवढं पुरेसं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. फोनचा पिन घरात कुणाकुणाला माहीत आहे? बऱ्याच घरांत बाईच्या फोनचा पिन नवऱ्याला, दिराला, पोरांना, सगळ्यांना पाठ असतो. काही घरांत तर फोनच तिचा नसतो. मग त्या फोनमधली पासकी तिची कशी? ज्याला पिन माहीत, त्याची ती. गटाचं खातं अशा फोनवर ठेवलं, तर ते गटाचं राहिलं की त्या घराचं झालं? आणि पदाधिकारी बदलले, की जुन्या सचिवांच्या फोनमधून ते बाहेर काढायचं कसं? भांडणं इथूनच सुरू होतात.

अशा वेळी दुसरी जागा कामाला येते, ती म्हणजे सिक्युरिटी की. ही हातात धरता येणारी लहानशी वस्तू आहे, जुन्या पेन ड्राइव्हएवढी, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवता येते. पासकीची किल्ली तिच्या पोटात बसते आणि तिची नक्कल काढता येत नाही. तिला बॅटरी नसते, चार्जिंग नसतं. एनएफसीची चावी फोनच्या पाठीला टेकवली की फोनकडूनच तिला तेवढी वीज मिळते. दुकानात एटीएम कार्ड यंत्राला नुसतं टेकवून पैसे देतात, नागपूरच्या मेट्रोत कार्ड टेकवून आत जातात, तीच ही पद्धत. अंतर फार तर तीन-चार सेंटिमीटर. म्हणजे बाजूच्या खुर्चीवरून कुणी ती वापरू शकत नाही.

चावीला स्वतःचा पिन लावता येतो, तो निदान चार आकड्यांचा. हा पिन फोनच्या पिनहून वेगळा ठेवायचा. आता पेटीचा रिवाज आठवा. चावी अध्यक्षांकडे आणि पिन सचिवांकडे असेल, तर एकटीला खातं उघडता येणार नाही. अर्थात त्याचा त्रासही आहे, दर वेळी दोघींना एकत्र यावं लागेल. रोज ऑर्डर पाहणाऱ्या गटाला हे जमणार नाही, महिन्यातून दोनदा खातं उघडणाऱ्या ग्रामसंघाला सहज जमेल. एक मात्र सांभाळा. पिन सलग आठ वेळा चुकला तर चावी बंद पडते. मग ती पुसून नव्याने सुरू करावी लागते आणि आतल्या पासक्या जातात. लेकरांच्या हाती खेळायला देऊ नका.

विकत घेण्याआधी फोन तपासा. सेटिंग उघडून वरच्या शोधात एनएफसी लिहा. काहीच आलं नाही, तर तुमच्या फोनमध्ये ती सोय नाही. स्वस्त फोनमध्ये बहुधा नसतेच. दुसरी अडचण अँड्रॉइडची. पासवर्ड टाकल्यावर दुसरी पायरी म्हणून एनएफसीने चावी टेकवणं अँड्रॉइडवर बरीच वर्षं चालत आलं आहे. पण पिन मागणारी पूर्ण पासकी पुष्कळ फोनवर यूएसबीत चावी खोचूनच चालत आली. म्हणून आमचा सल्ला, एनएफसी आणि यूएसबी-सी दोन्ही असलेलीच चावी घ्या. दुकानदार काही म्हणो.

गुगल खात्याला चावी जोडायची, तर खात्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षा या भागात पासकी आणि सिक्युरिटी कीचा पर्याय सापडतो. तिथे फोनऐवजी दुसरं साधन निवडायचं, सांगेल तेव्हा चावी टेकवायची किंवा खोचायची आणि पिन द्यायचा. टेकवताना घाई नको. एनएफसीची जागा कुठल्या फोनला कॅमेऱ्याजवळ असते, कुठल्याला मधोमध. चावी हळूहळू सरकवत जा, फोन थरथरला की तिथेच स्थिर धरा. जाड कव्हर असेल तर काढा.

किंमत काही हजार रुपये आहे, आणि घ्यायच्या तर दोन घ्याव्या लागतात, कारण एक हरवली तर दुसरी हवी. एकेका बाईने हा खर्च करू नये. दहा-बारा जणींच्या गटालाही तो जड जाईल. ग्रामसंघ, प्रभागसंघ किंवा मोठी उलाढाल असलेला उत्पादक गट यांनी मात्र ठराव घेऊन विचार करावा. दोन्ही चाव्या खात्याला जोडून एक वापरात ठेवावी आणि दुसरी पेटीत. गुगल आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोडही देतं. ते कागदावर उतरवून पाकीट बंद करून पेटीतच ठेवावं, फोनमध्ये त्यांचा फोटो काढू नये.

ही चावी काय करत नाही, तेही ऐका. यूपीआयशी तिचा संबंध नाही. पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून कुणी डिजिटल अटकेची धमकी दिली, तर चावी काही करू शकत नाही. पैसे येणार आहेत म्हणून कुणी यूपीआय पिन मागितला, तर तो चोरच समजा, कारण पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी थांबवता येण्याची आशा जास्त.

आणि चावी हरवली तर? सापडणाऱ्याला पिन माहीत नसतो, त्यामुळे लगेच घाबरू नका. दुसऱ्या चावीने खातं उघडा, सुरक्षा भागातल्या यादीतून हरवलेली चावी काढून टाका आणि त्याची नोंद ठराववहीत करा. पदाधिकारी बदलतील त्या दिवशीही हेच करायचं. नव्या ताईंच्या हाती चावी देताना त्यांच्यासमोरच पिन बदलायचा, आणि जुन्या सचिवांच्या फोनवर खातं उघडं राहिलं असेल तर तेही त्याच बैठकीत बंद करायचं.