सहावा प्रश्न

कंधारच्या माणसाला डोळे मिटून किल्ल्यात जायला सांगावे, की तो निघालाच म्हणून समजावे. खंदकातले पाणी, दरवाजातली गार सावली, बुरुजावरचा वारा, सारे त्याला जिथल्या तिथे सापडते. अंग मात्र बाजेवरून हललेले नसते. ही फेरी खरोखर झाली याला त्याच्या शब्दांखेरीज साक्षीदार नाही. १८८० मध्ये फ्रान्सिस गाल्टनने लोकांना सकाळच्या न्याहारीचे टेबल डोळ्यांपुढे आणायला सांगितले, तेव्हा त्यालाही त्यांच्या जबानीवरच विसंबावे लागले होते. पण ज्याची जबानच बंद पडली आहे, त्याचे काय?

१९९७ साली केंब्रिजमध्ये हा प्रश्न एड्रियन ओवेन या तरुण संशोधकापुढे येऊन ठाकला. २६ वर्षांची एक शिक्षिका. संसर्गाने मेंदू सुजलेला, हाकेला ओ नाही. पेट स्कॅनरमध्ये तिला घरच्या माणसांचे फोटो दाखवले आणि चेहरे ओळखणारा मेंदूचा भाग चेतला. पुढे ती सावरलीही. तरी शंकेखोर बधले नाहीत. गुडघ्यावर हातोडी पडली की पाय उडतो, तसा चेहरा दिसताच मेंदू आपसूक उजळत असेल. त्यात माणूस आत जागा असल्याचा दाखला कुठे? मग वाक्ये ऐकवून पाहिली. आक्षेप तोच. खरे सांगायचे तर आक्षेप बिनतोड होता.

अशी वर्षे उलटली. अखेर ओवेनला उमगले, की मेंदूला काही दाखवून भागायचे नाही, त्याच्याकडून काही करवून घेतले पाहिजे. आणि ज्याला बोटसुद्धा उचलता येत नाही, त्याच्या हाती कल्पनेखेरीज दुसरे काय उरते?

बेल्जियमच्या लिएज शहरातली डॉक्टर मेलानी बोली त्याच्या सोबतीला आली. दोघांनी धडधाकट माणसांना एमआरआयच्या नळीत निजवले. मनात गाणे म्हणवून घेतले, आप्तांचे चेहरे आठवायला लावले. खुणा भरवशाच्या उमटेनात. मग सांगितले, टेनिस खेळताय असे समजा. हालचालींची आखणी करणारा भाग पेटून उठला. स्वतःच्या घरात खोलीखोलीतून फिरा म्हटल्यावर मेंदूतले दुसरेच ठिकाण जागे झाले. कंधारात प्रयोग झाला असता तर टेनिसच्या जागी विटीदांडू आला असता. घर मात्र घरच राहिले असते.

जुलै २००५ मध्ये २३ वर्षांच्या एका तरुणीच्या मोटारीला अपघात झाला. पाच महिने लोटले तरी तिचे डोळे उघडे आणि भान शून्य. तिला नळीत सरकवले. यंत्राची धडधड सुरू झाली. कानात आवाज आला, ‘टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा.’

पडद्यावर तोच भाग उजळला. धडधाकट माणसांचा उजळला होता, अगदी तसा. घराची आज्ञा दिली, तर घराचे ठिकाण उजळले. ‘टेनिस’ हा शब्द कानी पडल्यानेच हे झाले असेल, असे म्हणायलाही जागा उरली नाही. नुसत्या शब्दाने उठलेली लहर क्षणात विरते. ही पुरे तीस सेकंद टिकली आणि ‘आता थांबा’ म्हटल्यावर ओसरली. सप्टेंबर २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ही हकिकत छापून आली.

पुढची पायरी २०१० मध्ये जाहीर झाली. केंब्रिज आणि लिएज मिळून ५४ रुग्ण तपासले. हुकमाप्रमाणे कल्पना करणारे पाच निघाले. त्यांतला एक तरुण अपघातानंतर पाच वर्षे निश्चल पडून होता. त्याला सांगितले, ‘हो’ म्हणायचे तर टेनिस खेळा, ‘नाही’ म्हणायचे तर घरात फिरा. तुमच्या वडिलांचे नाव अलेक्झांडर आहे का? मेंदू टेनिस खेळला. थॉमस आहे का? मेंदू घरात शिरला. एकामागून एक पाच उत्तरे आली आणि पाचही बरोबर ठरली.

सहावा प्रश्न विचारला. टेनिसची जागा अंधारी राहिली, घराचीही. तो थकला होता, झोपला होता की त्याला उत्तरच द्यायचे नव्हते, हे पडद्यावर दिसत नव्हते.