ब्यूमॅरिसची ‘बुल्स हेड’ सराई

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्स जिंकल्यानंतर १२९५ साली अँगलसी बेटावर ब्यूमॅरिसचा किल्ला बांधावयास घेतला आणि त्याच्या आश्रयाने मेनाई सामुद्रधुनीच्या काठी एक नगर वसवले. किल्ला पैशांअभावी अपुरा राहिला. नगर मात्र बंदर आणि बेटाचे न्यायकेंद्र म्हणून भरभराटीस आले. कॅसल स्ट्रीट या तिथल्या मुख्य रस्त्यावरील ‘बुल्स हेड’ सराई १४७२ची असल्याचे परंपरेने सांगितले जात असले, तरी आजच्या वास्तूचा गाभा १६१७च्या पुनर्बांधणीचा आहे. किल्ल्याजवळची न्यायालयाची इमारत १६१४ची, म्हणजे या पुनर्बांधणीच्या तीनच वर्षे आधीची. न्यायालयाच्या सत्रांसाठी येणाऱ्या वकील-पक्षकारांना मुक्कामाची सोय लागत असे, हे येथे ध्यानात घ्यावे.

सराईचे दुसरे गिऱ्हाईक आयर्लंडकडे निघालेला प्रवासी होता. हा प्रवासी ओहोटीच्या वेळी ट्रेथ लावान नावाच्या विस्तीर्ण वाळवंटातून मुख्य भूमीचा किनारा सोडून निघे, वाळू संपली की होडीने ब्यूमॅरिसला उतरे आणि तेथून बेट ओलांडून होलीहेड बंदर गाठी. भरतीपूर्वी वाळू पार करणे हा जिवाशी खेळ असल्याने मुक्कामाचे ठिकाण पाण्यालगत असणे भागच होते.

असा वाहता राबता सांभाळणारी वास्तू समजून घ्यायची, तर खोल्यांआधी फाटक पाहावे. घोडागाड्यांच्या सराईत दर्शनी भागाच्या मागे चौक आणि चौकाच्या कडेने पागा असत, आणि रस्त्यावरून गाडी थेट आत घेण्यासाठी उंच वाट ठेवलेली असे. ‘बुल्स हेड’च्या चौकाला सुमारे ११ फूट रुंद आणि १३ फूट उंच असे एकाच झडपेचे दार असून, एका बाजूच्या बिजागऱ्यांवर फिरणारे हे ब्रिटनमधील सर्वांत मोठे दार असल्याचा सराईचा दावा आहे. एरवी एवढी रुंदी दोन झडपांत विभागली जाते. एकच झडप ठेवली, की १४३ चौरस फुटांच्या लाकडाचे वजन एका उभ्या कडेवर येते आणि मोकळी कड खाली झुकू पाहते. ते पेलून धरणाऱ्या सुताराची आणि लोहाराची कारागिरी म्हणूनच दाद देण्याजोगी आहे.

आत उघड्या तुळयांची बुटकी छते आणि मोठी चूल आहे. बारमध्ये सतराव्या शतकातील पितळी जलघड्याळ ठेवले आहे आणि ‘भांडखोर’ ठरवलेल्या बायकांना बांधून पाण्यात बुचकळण्याची लाकडी खुर्चीही. तिच्याकडे निव्वळ गंमत म्हणून पाहणे कठीण आहे. खोल्यांना चार्ल्स डिकन्सच्या पात्रांची नावे दिली आहेत. पाहुण्यांना त्यांचे अप्रूप वाटत असेल, पण वास्तूच्या इतिहासात त्या नावांनी काहीच भर पडत नाही.

१८२६ साली टॉमस टेलफर्डचा मेनाई झुलता पूल खुला झाला आणि होलीहेडची वाट कायमची ब्यूमॅरिसला वगळून गेली. त्यानंतर गावात आला तो समुद्रस्नानाचा हौशी पाहुणा. त्याच्यासाठी १८३०च्या दशकाच्या सुमारास जोसेफ हॅन्सम आणि एडवर्ड वेल्च या वास्तुविशारदांनी बल्कली हॉटेल उभारले, ज्याच्या खिडक्या सामुद्रधुनीकडे उघडतात. ‘बुल्स हेड’ची रचना मात्र आतल्या चौकाभोवती आहे, कारण ती पाहण्यासाठी नव्हे, तर थकलेली माणसे आणि घोडी आत घेण्यासाठी बांधली होती. स्थापत्याच्या अभ्यासकाने या दोन इमारती एकाच फेरीत पाहाव्यात, आणि आधी ‘बुल्स हेड’ पाहावी.