कार्यक्रम गावाचा, अपघात कोणाचा?



चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात. कमिटी बसते, वर्गणीच्या पावत्या फाटतात. यंदा तमाशा आणायचा की ऑर्केस्ट्रा, यावर रात्री जागवल्या जातात. सुपारी ठरते, हँडबिल छापून येते आणि त्यावर कमिटीच्या वीस-पंचवीस जणांची नावे ठळक अक्षरात झळकतात. मात्र मंडप पडला, कोणाला करंट लागला किंवा चेंगराचेंगरी झाली तर जबाबदार कोण, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी काढत नाही. विचारलेच तर उत्तर येते, "मंडपवाला बघून घेईल." नाहीतर, "परवानगी पोलिसांनी दिलीय की!"

दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. हँडबिलावरची तीच नावे उद्या फिर्यादीत येऊ शकतात. म्हणून यात्रेच्या आधीच ही गोष्ट नीट समजून घ्यावी.

अपघाताला निमित्त पुरते

कोचीच्या विद्यापीठात २५ नोव्हेंबर २०२३ रोजी गाण्याचा कार्यक्रम होता. जागा उघड्या प्रेक्षागृहाची, आत जायला उताराच्या पायऱ्या. ऐन वेळी पाऊस आला, बाहेरची पोरे आसऱ्यासाठी आत घुसली, पुढचे पायऱ्यांवर पडले आणि मागचे त्यांच्यावर. चार जीव गेले. गाणे सुरूही झाले नव्हते. तिथे ना आग लागली होती, ना मंडप पडला होता. पाऊस, उतार आणि अरुंद वाट एवढे पुरले.

आपल्याकडे यात्रांचा हंगाम आणि वळवाचा हंगाम एकच आहे, हे विसरू नका.

मीरतचा निकाल वाचून ठेवा

उत्तर प्रदेशातील मीरत शहरात व्हिक्टोरिया पार्क मैदानावर २००६ साली घरगुती वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले होते. आपल्याकडे कृषी प्रदर्शनाला उभारतात तसेच मोठमोठे मंडप होते. १० एप्रिलला, शेवटच्या दिवशी, आग लागली. ६५ माणसे गेली, दीडशेहून अधिक भाजली.

खटल्यात आयोजकांचे म्हणणे असे, की मंडप आणि विजेचे काम ठेकेदाराला दिले होते, चूक त्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०२२ च्या निकालात हे मान्य केले नाही. लोक ठेकेदाराच्या बोलावण्यावरून आले नव्हते, आयोजकांच्या निमंत्रणावरून आले होते, तेव्हा आयोजकांना अंग काढून घेता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. भरपाईचा बोजा आयोजकांवर ६० टक्के आणि राज्य सरकारवर ४० टक्के टाकला. रक्कम मोटार अपघाताच्या दाव्यात काढतात त्याच तत्त्वाने काढायची ठरली. म्हणजे गेलेला माणूस काय कमवत होता, त्याच्यावर किती जण अवलंबून होते, याचा हिशेब.

हा हिशेब आपल्या गावाला लावून बघा. पस्तिशीतला कमावता माणूस गेला तर रक्कम किती होईल? यात्रा कमिटीची शिल्लक सहसा पुढच्या वर्षीच्या नारळापुरती असते. कमिटी नोंदलेली नसेल तर दावा व्यक्तींच्या नावानेच लागतो.

मंडपवाला सुटतो असे मात्र नाही. त्याच्या हयगयीने घडले असेल तर त्याच्यावरही गुन्हा होतो आणि लेखी करार असेल तर तुम्हाला दिलेली भरपाई त्याच्याकडून मागता येते. पण जखमी माणूस आधी तुमच्या दारात येऊ शकतो.

गुन्हा वेगळा, भरपाई वेगळी

या दोन गोष्टींची गल्लत होते. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागते. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू आहे. जुन्या ३०४-अ कलमात शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती, ती आता पाच वर्षांपर्यंत झाली आहे. जखमी झाल्यास कलम १२५ आहे. ही झाली फौजदारी बाजू. भरपाईचा दिवाणी दावा वेगळा चालतो. एकात सुटलात म्हणून दुसऱ्यात सुटाल असे नाही.

"तिकीट नव्हते, कार्यक्रम फुकट होता," ही सबब चालत नाही. "आपापल्या जबाबदारीवर बसावे" असा फलक लावला म्हणूनही हयगय माफ होत नाही. "वारा आला, देवाची करणी" हेही जपून बोलावे. ज्या गोष्टीचा अंदाज आधी येऊ शकतो तिला कायदा दैवी आपत्ती सहसा म्हणत नाही, आणि वैशाखात वळीव येतो हे लहान पोरालाही ठाऊक असते.

प्रेक्षकाचाही दोष धरतात. वारंवार खाली उतरा म्हणून सांगूनही कोणी पत्र्याच्या शेडवर चढून बसला तर त्याची भरपाई कमी होऊ शकते. पण सांगितले होते, अडवायला माणसे नेमली होती, हे कमिटीला दाखवता आले पाहिजे.

रान देणाऱ्याने काय पाहावे

पुष्कळदा कार्यक्रम कोणाच्या तरी मोकळ्या रानात होतो. भाडे घेतलेले नसते, गावाचे काम म्हणून रान दिलेले असते. तरीही त्या रानातला जो धोका तुम्हाला माहीत आहे, तो सांगणे आणि झाकणे तुमच्याकडे येते. बिनकठड्याची विहीर, लोंबणारी वीजवाहिनी, मोटारीची उघडी पेटी, बांधाला रचलेली कडब्याची गंजी या त्या जागा. रात्रीच्या अंधारात परगावच्या माणसाला विहीर दिसत नाही. रान देताना या गोष्टी कागदावर लिहून कमिटीची सही घ्या.

काळ्या रानाचे आणखी एक आहे. वासा दोन फूट पुरला तरी शेजारच्या उसाला पाणी सोडले की ओल सरकते आणि वासा सैल होतो. मंडप असेल तेव्हा दोन-तीन दिवस आधीपासून शेजारची पाळी थांबवा. दोर ज्या खुंट्यांना बांधले त्या संध्याकाळी पुन्हा हलवून बघा.

सरपंच, पोलीस पाटील आणि कर्मचाऱ्यांसाठी

परवानगी दिली म्हणजे आपण अडकलो, अशी भीती काहींना असते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला १३ जून १९९७ रोजी आग लागून ५९ जण गुदमरून मेले. रोहित्र पेटले, धूर वर चढला आणि बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून बाहेर पडायची वाट बंद केलेली होती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी चित्रपटगृहाच्या मालकांवर ८५ टक्के आणि वीज मंडळावर १५ टक्के धरली. परवाना देणारे पोलीस खाते आणि महापालिका यांना भरपाईतून वगळले.

उलट मीरतमध्ये सरकारचा वाटा ४० टक्के धरला, कारण अधिकाऱ्यांनी आपले ठरलेले काम केले नव्हते. तेव्हा नुसत्या सहीमुळे कोणी आपोआप दोषी होत नाही. पण पाहणी न करता केलेली सही, किंवा धोका दिसत असूनही धरलेले मौन, अंगाशी येते. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, यांनी जागा पाहावी, त्रुटी लेखी कळवाव्यात आणि पोच ठेवावी. ग्रामपंचायत स्वतःच आयोजक असेल तर तिची जबाबदारी आयोजकाचीच.

आधी एवढे करा

१. मंडपवाला, लाईटवाला आणि साऊंडवाला यांच्याशी स्टॅम्पपेपरवर करार करा. कोणते काम, कोणाची माणसे, कधी तपासणी, सगळे लिहा.

२. पोलीस ठाण्याची परवानगी आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला वेळेत घ्या. परवानगीतल्या अटी कमिटीसमोर वाचून दाखवा.

३. वीज तात्पुरत्या अधिकृत जोडणीचीच घ्या. आकडा टाकलेला असला तर चोरीचा गुन्हा होतोच, शिवाय अपघातात तुमची बाजू तिथेच संपते. इएलसीबी बसवा. जनरेटरला चेंजओव्हर स्विच हवाच. नाहीतर करंट उलटा लाईनवर जातो आणि खांबावरचा वायरमन मरतो.

४. बाहेर पडायच्या वाटा दोन-तीन आणि रुंद ठेवा. वाटेत खुर्च्या, ट्रॉल्या, रसवंतीचे गाडे नकोत. हरियाणातील डबवालीत २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या बक्षीस समारंभात मंडप पेटला, वाट पुरली नाही आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्यात बरीचशी मुले होती.

५. कार्यक्रम थांबवायचा अधिकार एका माणसाला द्या. वारा उठला की त्याने माईक घ्यायचा, लोकांना शांतपणे मोकळ्या जागेत काढायचे. सुपारी वाया गेली तरी चालेल.

६. सर्वसाधारण विमा कंपन्या सार्वजनिक दायित्वाचा विमा देतात. चौकशी करा. विमा घेतला म्हणून हयगय करायला मोकळीक मिळत नाही, पण घर-शेतावर बेतणारी वेळ टळू शकते.

अपघात झालाच तर

आधी जखमींना हलवा, वीज तोडा. त्यानंतर पंचनामा होईपर्यंत मंडप उकलू नका. रातोरात वासे-कापड उचलून नेले की संशय कमिटीवरच येतो. जखमीच्या नातेवाइकांनी सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्यावी, फिर्यादीची प्रत आणि औषधांच्या पावत्या जपाव्यात. दाव्याला मुदत असते, म्हणून तालुका विधी सेवा समितीकडे लवकर जावे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कमी उत्पन्नाचे लोक आणि मोठ्या आपत्तीतील पीडित यांना तिथे वकील मोफत मिळतो. मंडपाचे काम करताना मजूर दगावला तर कर्मचारी भरपाईच्या तरतुदींखालीही मागणी करता येते.

आणि एक. अपघातानंतर गावात "मिटवून घ्या" असे सुरू होते. मदत जरूर द्यावी, पण मीरतच्या लोकांना निकालासाठी सोळा वर्षे थांबावे लागले, हे ध्यानात ठेवा. एवढा काळ एखाद्या मजुराची विधवा कशी थांबेल? तिला वेळेत काही मिळायचे असेल तर कागद आधी नीट पाहिजेत.

पेरणीआधी बियाणे आपण तपासून घेतो. यंदाच्या बैठकीत सुपारीचा विषय काढण्याआधी वाटा, वायर आणि वासे यांचा विषय काढा, आणि तो इतिवृत्तात लिहून ठेवा.