यंत्रांची गणपूर्ती

मोठ्या संकेतस्थळामागे शेकडो संगणक राबत असतात आणि त्यांच्यातील प्रमुख कोण, हे ठरविण्यासाठी एक स्वतंत्र सेवा काम करीत असते. ही सेवा क्लाऊडवरील भाड्याच्या क्लस्टरवर बसविताना कोणती काळजी घ्यावी लागते, याचा हा आढावा.

सर्व काम एकाच संगणकावर चालत असते, तेव्हा अंतिम शब्द कोणाचा, हा प्रश्नच उद्भवत नाही. काम वाढते, एकाचे दहा आणि दहाचे शंभर संगणक होतात, तेव्हा मात्र तो उभा राहतो. नाट्यगृहाच्या तिकिटांची नोंद ठेवणारे दोन संगणक आहेत आणि त्यांतील एक प्रमुख आहे, असे समजा. दोघांमधील संपर्क काही सेकंद तुटला. प्रमुख बंद पडला असे मानून दुसऱ्याने सूत्रे हाती घेतली. पहिला मात्र बंद पडलेलाच नव्हता. आता एकाच खुर्चीचे तिकीट दोघेही विकतील आणि दोघांच्याही वहीत हिशेब चोख असेल. तिकिटाच्या जागी बँकेतील शिल्लक ठेवली, म्हणजे या गोंधळाचे गांभीर्य ध्यानात येते. तंत्रज्ञ या अवस्थेला 'स्प्लिट ब्रेन' म्हणतात.

ही अवस्था टाळण्यासाठी समन्वय सेवा लागते. तिचा सैद्धांतिक पाया लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने घातला. पॅक्सोस या ग्रीक बेटावरील काल्पनिक संसदेच्या रूपकातून त्याने ही पद्धत मांडली. तो निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. गूगलने याच विचारावर 'चबी' ही सेवा उभारली व २००६ मध्ये तिची माहिती जाहीर केली. याहू कंपनीत याच सुमारास 'झूकीपर' आकारास येत होते. तेथील प्रकल्पांना हत्ती, डुक्कर अशा प्राण्यांची ओळख होती. त्या साऱ्यांना सांभाळणारा तो प्राणिसंग्रहालयाचा रखवालदार. २०१० मध्ये त्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि आज हे सॉफ्टवेअर अपाची संस्थेच्या छत्राखाली कोणालाही मोफत उपलब्ध आहे.

झूकीपरमध्ये फार मोठी माहिती ठेवायची नसते. एका नोंदीची मर्यादा साधारण १ मेगाबाइट इतकीच आहे. प्रमुख कोण, कोणते काम कोणाकडे, कोणते संगणक हजर आहेत, अशा बारीकसारीक पण निर्णायक नोंदी तेथे असतात. काही नोंदी क्षणजीवी असतात. नोंद करणाऱ्या संगणकाशी संपर्क ठरलेल्या मुदतीपलीकडे तुटला, की ती नोंद आपोआप पुसली जाते. प्रमुखाची नोंद अशी पुसली गेली, की इतरांना नव्या प्रमुखाची निवड करण्याचा संकेत मिळतो.

अर्ध्या तासाची सवलत नाही

ही सेवा स्वतःच एका संगणकावर ठेवली, तर तो बंद पडताच सारे ठप्प होईल. म्हणून झूकीपरचे तीन किंवा पाच सभासद वेगवेगळ्या संगणकांवर चालतात. कोणतीही नोंद निम्म्याहून अधिक सभासदांनी आपापल्या डिस्कवर उतरवून घेतल्याखेरीज पक्की मानली जात नाही. तिघांपैकी एक गेला तरी दोघांचे बहुमत उरते. पाचांपैकी दोन गेले तरी चालते. चार सभासद ठेवून मात्र काहीच साधत नाही. चारांचे बहुमत तीन असल्याने तेथेही एकाचीच गैरहजेरी परवडते. म्हणूनच सभासदांची संख्या विषम ठेवण्याचा प्रघात आहे.

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेची सूचना ज्यांनी वाचली आहे, त्यांना गणपूर्तीची कल्पना नवी नाही. तेथे गणपूर्ती झाली नाही, तर सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरते आणि त्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. झूकीपरच्या नियमांत ही सवलत नाही. बहुमत जमले नाही, तर उरलेला सभासद नवी नोंद स्वीकारतच नाही. सेवा बंद पडली म्हणून ग्राहक ओरडतील, पण दोन प्रमुख होणार नाहीत. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा गप्प बसणे बरे, हा या रचनेचा जाणीवपूर्वक केलेला निवाडा आहे.

बहुमताचा नियम पाळूनही घोटाळा कसा होऊ शकतो, हे गिटहब या संकेतस्थळाच्या अनुभवातून दिसले. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्यांच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. डेटाबेसचा प्रमुख ठरविणाऱ्या यंत्रणेने उरलेल्या सभासदांचे बहुमत जमविले आणि प्रमुखपद पश्चिम किनाऱ्याकडे सोपविले. निवडणूक नियमानुसार झाली; परंतु पूर्वेकडील शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेकडे पोचलेल्याच नव्हत्या. दोन्हीकडे एकमेकांकडे नसलेल्या नोंदी साचल्या. सर्व सुरळीत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. प्रमुख निवडणे आणि निवडलेल्या प्रमुखाजवळ पूर्ण दप्तर असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कळपातील जनावर आणि घरचा मोती

पूर्वी झूकीपरचे तीन सभासद तीन ठरावीक सर्व्हरवर बसवीत आणि वर्षानुवर्षे ते तेथेच राहत. आता बहुतेक काम कंटेनरमध्ये चालते. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सर्व सामान एका बंद डब्यात भरायचे आणि तो डबा कोणत्याही संगणकावर चालवायचा, अशी ही पद्धत. हजारो डबे कोणत्या यंत्रावर चालवायचे, हे 'कुबरनेटीस' ही प्रणाली ठरविते. गूगलने २०१४ मध्ये ती जाहीर केली. पहिली पक्की आवृत्ती २०१५ मध्ये आली. ती स्वतः चालविणे कष्टाचे असल्याने गूगल, अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट या कंपन्या तयार क्लस्टर भाड्याने देतात. नियंत्रण कक्ष कंपनीने सांभाळायचा, ग्राहकाने आपले डबे चालवायचे, असा हा करार.

या व्यवस्थेचा मूळ स्वभाव असा, की कोणताही डबा केव्हाही फेकावा आणि त्याच्या जागी नवा आणावा. नव्याला नवे नाव, नवा पत्ता आणि कोरी डिस्क मिळते. वेबपाने दाखविणाऱ्या प्रोग्रामला याने काही फरक पडत नाही. समन्वय सेवेचा जीव मात्र नेमका याच दोन गोष्टींत असतो: प्रत्येक सभासदाची ओळख आणि त्याची आठवण. तंत्रज्ञ या भेदासाठी कळपातील गुरे आणि घरचे पाळीव जनावर अशी उपमा देतात. कळपात एक कमी झाले, तर दुसरे आणता येते. घरच्या मोतीची जागा दुसरा कुत्रा घेत नाही. कुबरनेटीसने २०१६ मध्ये अशा कामांसाठी जी सोय आणली, तिचे नावच 'पेटसेट' होते. त्याच वर्षी ते बदलून 'स्टेटफुलसेट' झाले आणि २०१७ च्या अखेरीस ही सोय पक्की ठरली.

नाव, वही आणि बसण्याची जागा

स्टेटफुलसेटमध्ये डब्यांना क्रमांकाने नावे मिळतात: झेडके-०, झेडके-१, झेडके-२. झेडके-१ बंद पडला, तर येणारा नवा डबाही झेडके-१ याच नावाने येतो. झूकीपरच्या सभासदाला स्वतःचा क्रमांक एका छोट्या फाईलमध्ये लिहावा लागतो. हा क्रमांक १ पासून सुरू होत असल्याने डब्याच्या नावातील अंकात एक मिळवून तो तयार करतात. सभासदांचे संख्यात्मक पत्ते प्रत्येक पुनर्जन्मात बदलतात, म्हणून परस्परांच्या यादीत पत्त्याऐवजी नाव लिहिणे अत्यावश्यक ठरते. प्रत्येक नावाची स्वतंत्र नोंद ठेवणारी 'हेडलेस सर्व्हिस' त्यासाठीच निर्माण करावी लागते.

नावाइतकीच डिस्कही महत्त्वाची. प्रत्येक सभासदाला स्वतःची कायमची डिस्क बांधून द्यावी लागते आणि डबा नवा आला तरी जुनीच डिस्क त्याला जोडली जाते. हे न केल्यास काय घडेल? तिघांपैकी दोघे एकाच वेळी कोऱ्या वह्या घेऊन परतले आणि तिसरा त्या क्षणी संपर्कात नसेल, तर हे दोघेच बहुमत पूर्ण करून आपल्यातला प्रमुख निवडतील. जुन्या पक्क्या नोंदी त्यांच्या दृष्टीने कधी झालेल्याच नसतील. तीन सभासद होते, बहुमतही होते, तरीही आठवण गेली. चाचणीसाठी उभारलेली डिस्कविना रचना तशीच प्रत्यक्ष वापरात आणली, की हा धोका ओढवतो.

तिसरा प्रश्न जागेचा. तिन्ही सभासद एकाच यंत्रावर बसले, तर ते यंत्र बंद पडताच गणपूर्ती संपली. 'दोन सभासद एका यंत्रावर नकोत' असा नियम स्पष्टपणे लिहावा लागतो. कुबरनेटीसच्या अधिकृत पाठात तीन सभासदांसाठी किमान चार यंत्रांचा क्लस्टर सांगितला आहे. एक यंत्र दुरुस्तीला काढले, तर त्यावरील सभासदाला बसायला मोकळे यंत्र हवे, हा त्याचा फायदा.

यंत्रांच्या वर पुन्हा 'झोन' असतात. वीजपुरवठा व नेटवर्क परस्परांपासून वेगळे ठेवलेल्या डेटा सेंटरांचा हा गट. अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत सेवा सुरू केली, तेव्हा तेथे दोन झोन होते. तीन सभासद दोन झोनमध्ये वाटले, की एकीकडे दोघे येतात आणि तो झोन बंद पडला तर बहुमत जाते. २०१९ मध्ये तिसरा झोन आल्यावर प्रत्येक झोनमध्ये एक सभासद ठेवणे शक्य झाले. येथेही एक मेख आहे. क्लाऊडवरील नेहमीची डिस्क एका झोनपुरती बांधलेली असते. डब्याची जागा ठरण्यापूर्वीच डिस्क भलत्या झोनमध्ये तयार झाली, तर डबा आणि डिस्क यांची गाठ पडत नाही. डबा कोठे बसणार हे ठरल्यावरच डिस्क निर्माण व्हावी, अशी सूचना क्लस्टरला आधी देऊन ठेवणे इष्ट.

विचारून थांबविणे

भाड्याच्या क्लस्टरमध्ये यंत्रांचे सॉफ्टवेअर कंपनीकडून वेळोवेळी बदलले जाते. त्यासाठी यंत्र रिकामे करावे लागते. दोन सभासदांची यंत्रे एकदम रिकामी झाली, तर कोणतीही दुर्घटना न घडता सेवा बंद पडेल. यावर उपाय म्हणजे 'एका वेळी एकाहून अधिक सभासद हलवू नये' असे बंधन नोंदविणे. पहिला परतून सज्ज झाल्याखेरीज मग दुसऱ्याला हात लावला जात नाही. मात्र या बंधनालाही मर्यादा आहेत. गूगलची सेवा यंत्रांची आवृत्ती बदलताना असे बंधन जास्तीत जास्त एक तास पाळते. अचानक बंद पडणारे यंत्र तर परवानगी मागतच नाही. सवलतीच्या दरातील यंत्रे कंपनी अल्प सूचनेने परत घेते. अॅमेझॉनची मुदत दोन मिनिटांची आहे. समन्वय सेवेसाठी अशी यंत्रे वापरून वाचविलेले पैसे महागात पडू शकतात.

प्रकृतीची विचारपूसही जपून करावी लागते. 'ठीक आहेस ना?' या अर्थाची चार अक्षरी आज्ञा झूकीपरला पाठविण्याची जुनी पद्धत आहे. आवृत्ती ३.५.३ पासून ही आज्ञा स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज चालत नाही. जुनी मांडणी तशीच नव्या आवृत्तीला लावली, की उत्तर मिळत नाही आणि क्लस्टर धडधाकट सभासदाला आजारी समजून पुनःपुन्हा बंद-सुरू करीत राहतो. शिवाय या प्रश्नाला 'ठीक' असे उत्तर आले, तरी सभासद बहुमतात सामील आहे असे सिद्ध होत नाही. तो केवळ जिवंत आहे इतकेच कळते.

संथ डिस्क आणि अपुरी मेमरी हे दोन छुपे शत्रूही येथे असतात. प्रत्येक नोंद डिस्कवर उतरेपर्यंत थांबावे लागत असल्याने डिस्क संथ झाली, की सारी सेवा संथ होते. संपर्काची मुदत नेहमीच्या मांडणीत ४ ते ४० सेकंदांच्या दरम्यान असते. सभासद त्याहून अधिक काळ अडकला, तर जिवंत संगणकांच्या क्षणजीवी नोंदी पुसल्या जाऊन नाहक नवी निवड सुरू होते.

गरज आहे का?

या साऱ्या खटाटोपापूर्वी एक प्रश्न विचारणे शहाणपणाचे ठरते. झूकीपरचा मोठा ग्राहक असलेल्या काफ्का या प्रणालीने मार्च २०२५ मधील ४.० या आवृत्तीत त्याचा आधार पूर्णपणे सोडला आणि बहुमताची व्यवस्था स्वतःतच आणली. केवळ आपल्या प्रोग्राममधील प्रमुख निवडायचा असेल, तर कुबरनेटीसमध्येच तशी सोय आहे. कुबरनेटीसच्या मुळाशी सहसा 'एटसीडी' नावाची अशीच एक समन्वय सेवा असते आणि भाड्याच्या क्लस्टरमध्ये ती कंपनी सांभाळते. एचबेससारख्या प्रणाली चालविणाऱ्यांना मात्र झूकीपर आजही लागते.

ज्यांना ते लागते, त्यांनी ग्राहक येण्यापूर्वी तीन परीक्षा घ्याव्यात. एक नोंद लिहावी, तिन्ही डबे काढून टाकावेत, पुन्हा आणावेत आणि नोंद जागेवर आहे का, ते पाहावे. मग प्रमुख असलेला सभासद बंद करून नवी निवड होण्यास किती वेळ लागतो, तो मोजावा. शेवटी दोन सभासद बंद करून समन्वय सेवा मुद्दाम गप्प करावी आणि तिच्यावर विसंबलेले प्रोग्राम काय करतात, ते तपासावे. गूगलमध्ये चबी इतकी क्वचित बंद पडे, की ती कधी बंद पडणारच नाही, असे इतर विभाग गृहीत धरू लागले. अखेर ही सेवा अधूनमधून हेतुपुरस्सर बंद ठेवण्याचा पायंडा तेथे पडला. भाड्याच्या क्लस्टरवर ही परीक्षा एखाद्या दुपारी उरकता येते. ती टाळली, तर क्लाऊड कंपनीने यंत्रे बदलायला घेतली, की तीच परीक्षा न सांगता होते आणि तेव्हा पलीकडे तिकीट काढणारा ग्राहक बसलेला असतो.